बंद झालेल्या मॉडेलची मोटरसायकल घेताना

रॉयल एनफिल्डची क्लासिक ५०० बऱ्या भावात मिळतेय म्हटलं की घरचे हमखास विचारतात, "कंपनीने बंद का केली मग?" इंजिन वाईट होतं म्हणून नव्हे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, लागू झाले. सायलेन्सरच्या वाटेतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरने धूर नीट साफ करायचा तर वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा हे माप सतत सांभाळावं लागतं. साध्या कार्ब्युरेटरला ते जमत नाही, म्हणून बहुतेक गाड्यांत पेट्रोल मोजून फवारणारं इंजेक्शन, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि हे सगळं चालवणारा छोटा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, आले. पण ५०० ला इंजेक्शन आधीपासूनच होतं! अडलं ते खपावर. नवं ट्युनिंग, नवा कन्व्हर्टर, चाचण्या, मंजुरी यांचा खर्च गाड्या थोड्या खपोत की ढिगाने, फारसा बदलत नाही. त्याच कंपनीची ३५० भरपूर खपायची, तिच्यावर तो खर्च निघाला.

तेव्हा इंजिनाआधी कागद आणि पार्ट बघा.

"एकदम कोरी आहे, फक्त पासिंग राहिलंय" असं कुणी बीएस-४ (म्हणजे आधीच्या नियमांच्या) गाडीबद्दल म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. ती आता पास होत नाही, नाशिकच्या पेठ रोडच्या आरटीओत कितीही खेटे घाला. आधीच नोंदलेली गाडी मात्र रीतसर नावावर होते: फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या, आणि गाडी एमएच-१५ ची, म्हणजे नाशिकची, नसेल तर आधी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा, मोबाइलवरच्या फोटोवर जाऊ नका. १५ वर्षं भरत आली असतील तर नूतनीकरणाचा खर्च भावातून कापा.

इंजेक्शनची गाडी असेल तर इंजिन थंड असतानाच चावी फिरवा. मीटरवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला पाहिजे, आणि गाडी सुरू झाली की विझला पाहिजे. विझत नसेल तर सेन्सर किंवा वायरिंगचा घोळ. मुळात लागतच नसेल तर जास्त सावध व्हा. दोष झाकायला दिवाच काढून टाकणारे असतात.

मग खाली वाकून बेंड पाइपजवळच्या (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीजवळच्या) ऑक्सिजन सेन्सरची वायर बघा. मोठा आवाज करणारा फटाका सायलेन्सर लावताना ती बऱ्याचदा सोडून देतात. मग ईसीयू अंदाजाने पेट्रोल सोडतो; प्लग काळा पडतो, अ‍ॅव्हरेज घसरतं. मूळचा सायलेन्सर मालकाकडून मागून घ्या.

चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, केबल मिळत राहतात. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, ६३०२ म्हटलं की दुकानदार काढून देतो. अडतं ते मीटर, ईसीयू, वायरिंग आणि साइड पॅनलवर. पॅनल फुटलेली स्वस्त गाडी म्हणूनच शेवटी महाग पडते.

गाडी जुनी असेल तर पेट्रोलचा रबरी पाइप लगेच बदला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर फुगतं, चिरतं. आणि पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर महिनाभर उभी ठेवू नका: इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी तळाशी बसतं आणि पहिल्या किकला तेच इंजिनात जातं.