कुड्याची साल आणि आतड्यातील जिवाणू : चाचणी कशी करावी

पांढऱ्या कुड्याच्या सालीचा काढा जुलाब आणि आमांशावर पूर्वापार दिला जात असल्याने सातारा-कराडकडचे सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्पासाठी ही साल निवडू पाहतात. पण अगर प्लेटवर (जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थराच्या बशीत) अर्काभोवती स्वच्छ वर्तुळ दिसले, एवढ्यावर थांबू नये. ते वर्तुळ अर्क अगरमध्ये किती पसरतो यावरही अवलंबून असते. शिवाय त्याच प्रमाणात उपयुक्त जिवाणू आणि आतड्याच्या पेशी तगतात का, हे त्यातून कळत नाही.

आधी झाडाची खात्री करावी. बाजारातील सालीत काळ्या कुड्याची भेसळ आढळते आणि वाळलेले तुकडे पाहून फरक सांगणे अवघड असते. म्हणून साल स्वतः गोळा करावी, शेंगा असलेली फांदी दाबून वाळवावी आणि पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्राकडून ओळख पटवून घ्यावी. जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या असतील तर तो काळा कुडा समजावा. पांढऱ्याच्या सुट्या असतात. कोयना अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय हात लावू नये, आणि खोडाभोवती सर्व बाजूंनी साल सोलू नये, कारण तसे केल्यास झाड मरते.

साल सावलीत वाळवून भरडावी. एक भाग पाण्यात काढ्यासारखा उकळावा, दुसरा ७० टक्के इथेनॉलमध्ये भिजवावा. लोक घेतात तो काढाच असल्याने केवळ इथेनॉलच्या अर्कावरून काढ्याविषयी निष्कर्ष काढता येत नाही. गाळून, कोरडा करून अर्काचे वजन करावे आणि तो डीएमएसओ या द्रावकात विरघळवावा.

खरे मोजमाप ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये होते. म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवण्याच्या द्रव माध्यमात) अर्क दुपटीने सौम्य करत जावा, ई. कोलाय किंवा शिगेला (Shigella) हा जिवाणू प्रति मिलिलिटर सुमारे ५ लाख पेशी या प्रमाणात सोडावा आणि ३५ अंशांवर १६ ते २० तास ठेवावे. डीएमएसओ १ टक्क्यापेक्षा जास्त जाऊ देऊ नये. जिवाणूविरहित अर्क, केवळ डीएमएसओ आणि सिप्रोफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक यांचे तुलनेसाठीचे खळगे हवेतच. सालीतील टॅनिनमुळे ब्रॉथ गढूळ होतो आणि ती वाढ वाटते; रेझाझुरिन हे रंजक घातल्यास जिवंत जिवाणूंमुळे निळ्याचा गुलाबी होणारा रंग वाचता येतो, मात्र अर्क स्वतःच तो रंग बदलू शकतो, म्हणून जिवाणूविरहित खळगा आधी पाहावा. प्रति मिलिलिटर १००० मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यावरच परिणाम दिसल्यास अर्क कमकुवत मानावा. हीच चाचणी लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम या उपयुक्त जिवाणूंवरही, त्यांना मानवणाऱ्या माध्यमात, करावी. बायफिडोबॅक्टेरियमसाठी ऑक्सिजनविरहित बरणी लागते.

सुरक्षिततेसाठी कॅको-२ पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या पेशी) वापराव्यात व त्यांना अर्क द्यावा. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राकडे त्यांची चौकशी करावी. चोवीस तासांनंतर एमटीटी (जिवंत पेशींत रंग बदलणारे रसायन) घालण्याआधी पेशी धुवाव्यात, नाहीतर अर्काचा तपकिरी रंग आणि त्यातील फिनॉल मिळून मेलेल्या पेशीही जिवंत भासवतात. निम्म्या पेशी मारणाऱ्या प्रमाणाला जिवाणू रोखणाऱ्या किमान प्रमाणाने भागावे. उत्तर १ पेक्षा कमी आले तर अर्क जिवाणूंच्या आधी पेशींना मारतो, आणि तो उंदरांपर्यंत नेण्याचे कारण उरत नाही. न्यायचाच झाला तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी मंजुरी प्रथम घ्यावी.