गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलच्या डब्यावर एचिंग (रसायनानं नक्षी कोरणं) करताना टोनर उखडत होता, तो कसा थांबवला

आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात टाकीतलं पाणीसुद्धा कढत असते भाऊ, त्यात फेरिक क्लोराईडमध्ये ॲल्युमिनियमचा डबा टाकला की लय जोरात फसफसते, द्रावण तापते आणि टोनर (लेझर प्रिंटची शाई, इस्त्रीनं डब्यावर उतरवलेली, जिच्याखालचा धातू खाल्ला जात नाही) सालपटासारखा निघून येते. दुकानात मिळणारं द्रावण तांब्याच्या पीसीबीसाठी (सर्किटच्या पाटीसाठी) असते, ॲल्युमिनियम त्याच्यात फार झपाट्यानं खाल्लं जाते.

मग मी द्रावण पातळ केलं, एक भाग द्रावण आणि तीन भाग माठातलं गार पाणी, आणि काम पहाटेच काढलं. डबा वीस-तीस सेकंदच बुडवायचा, लगेच पाण्यात धुवायचा, वर लोखंडाचा तांबूस गाळ बसते तो जुन्या ब्रशनं हलक्या हातानं काढायचा अन् पुन्हा बुडवायचा. खोली हवी तेवढी येईस्तोवर असंच.

त्याआधी डबा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून थिनरनं पुसा, नाहीतर इस्त्री कितीही दाबा, टोनर धरतच नाही. प्रिंट लेझरचीच आणि आरशासारखी उलटी पाहिजे. कुठं बारीक छिद्र दिसलं तर नेलपॉलिश लावा, बाकी बाजूंना चिकटपट्टी.

हे सगळं अंगणातच करा, हायड्रोजन निघते, चूल-बिडी जवळ नको. चष्मा, हातमोजे लागतातच. आणि उरलेलं द्रावण विहिरीकडे, वावरात, नालीत कुठंच ओतू नका. धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकत फेस थांबला की गाळ वाळवून वेगळा ठेवा. गावात पाणी सगळ्यांचं एकच असते.