एसटीएमवर ऑर्बिटल 'दिसलं' म्हणण्याआधी

एसटीएम म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप: त्याची अणकुचीदार सुई, म्हणजे टिप, सॅम्पलला न टेकता त्यावरून फिरते आणि मधली फट ओलांडणाऱ्या इलेक्ट्रॉनचा प्रवाह मोजते. ऑर्बिटल म्हणजे रेणूत इलेक्ट्रॉनचा वावर कुठे, त्याचा आकार. टिप आणि सॅम्पलमधलं अंतर एक अँगस्ट्रॉमने (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) वाढलं की हा टनेलिंग प्रवाह साधारण दहापट घटतो, हे तुम्हाला पाठ असणारच. घोळ पुढे होतो. पडद्यावर उंचवटा आला की आपण "हा अणू" म्हणून मोकळे! पण टिप नुसती उंची मोजतेय कुठे? त्या जागी, त्या ऊर्जेच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनच्या अवस्था किती, त्यावर ती वरखाली होते. म्हणून तर ग्राफाइटच्या वरच्या थरातले निम्मेच अणू ठळक उठतात.

आता बायसचं, म्हणजे टिप आणि सॅम्पलमध्ये लावलेल्या व्होल्टेजचं, चिन्ह. माझं सगळ्यात जास्त डोकं यातच गेलं, त्यामुळे जरा लांबण लावतो. सॅम्पलला ऋण व्होल्टेज दिलं की इलेक्ट्रॉन सॅम्पलमधून टिपकडे जातात, म्हणजे भरलेल्या अवस्था दिसतात. धन दिलं की रिकाम्या. गॅलियम आर्सेनाइडच्या (११०) पृष्ठावर (कंसातले आकडे स्फटिक कोणत्या दिशेने कापलाय ते सांगतात) ऋणाला आर्सेनिक उठतं, धनाला गॅलियम. इथवर ठीक. पण काही यंत्रांत बायस सॅम्पलला असतो, काहींत टिपला, आणि पडद्यावर दोन्हीकडे नुसतंच '-२' दिसतं. तुम्ही ज्याला होमो (सगळ्यात वरचं भरलेलं ऑर्बिटल) समजून कौतुकाने बघताय, तो लुमो (सगळ्यात खालचं रिकामं) असू शकतो! सीनियरला विचाराल तर "नेहमीचंच सेटिंग आहे" म्हणेल. त्या 'नेहमीच्या'वर माझा काडीचाही विश्वास नाही. वायर कुठे जाते ते स्वतः बघा. तरी शंका उरली तर स्वच्छ तांब्याच्या (१११) पृष्ठावर डीआय-डीव्ही (व्होल्टेज बदलताना प्रवाह किती वेगाने बदलतो त्याचा आलेख) घ्या: पृष्ठ-अवस्थेची, म्हणजे फक्त पृष्ठभागावरच असणाऱ्या इलेक्ट्रॉन-अवस्थेची, पायरी सॅम्पल बायसच्या सुमारे -०.४५ व्होल्टला यायला हवी. +०.४५ ला आली तर चिन्ह उलटं आहे. एवढी एक तपासणी केलीत की निम्मी धास्ती संपते, खरंच.

रेणू नुसत्या धातूवर ठेवून ऑर्बिटल शोधत बसू नका. त्याच्या अवस्था धातूत मिसळून फिस्कटतात. २००५ मध्ये आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेत तांब्यावर मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडचा, दोन थरांचा पापुद्रा चढवून त्यावर पेंटासिन हा लांबट सेंद्रिय रेणू ठेवला, तेव्हा -२.४ व्होल्टला होमो आणि १.७ ला लुमो स्वच्छ दिसले. अधल्यामधल्या व्होल्टेजला तोच रेणू बिनचेहऱ्याच्या कांडीसारखा दिसतो. तेव्हा कांडी दिसली म्हणून खचू नका, व्होल्टेज वाढवून बघा.

प्रतिमा गुळगुळीत करणारा स्मूदिंग फिल्टर मात्र माझ्या मते पहिलं वर्षभर बंदच ठेवावा. त्याने खराब टिप झाकली जाते. वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या सगळ्या रेणूंना एकाच बाजूला सारखंच शेपूट दिसलं, तर ते टिपचं आहे. टिप सुधारायला व्होल्टेजचा क्षणिक झटका, म्हणजे पल्स, द्या आणि पुन्हा स्कॅन लावा.