बाळाचा डोळा सतत पाणावत असेल तर

बाळ तीन-चार आठवड्यांचे झाले की त्याला पुरेसे अश्रू येऊ लागतात, आणि ते नाकात वाहून नेणाऱ्या नळीच्या खालच्या तोंडावरचा पातळ पडदा तोवर उघडला नसेल, तर रडू नसतानाही डोळा भरून येतो, चिपडे साचतात व झोपेतून उठल्यावर पापण्या चिकटलेल्या दिसतात. डोळ्याचा पांढरा भाग मात्र सहसा लाल होत नाही.

उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने डोळा पुसावा. नंतर नखे कापून व हात धुऊन, करंगळी डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्याशी टेकवावी आणि दाब न सोडता नाकाच्या कडेने खाली न्यावी. असे दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा करावे. बाळाला न्हाऊ-माखू घालणारी बाई नाकाला आकार यावा म्हणून ते चिमटीत धरून वर ओढते, ती मालिश वेगळी. डोळ्याच्या कोपऱ्याची ही मालिश आईने डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवावी. काजळ, एरंडेल किंवा अंगावरचे दूध डोळ्यात घालू नये. औषधाच्या थेंबांनी संसर्ग कमी होतो, नळी उघडत नाही, त्यामुळे मेडिकलमधून दर महिन्याला नवी बाटली आणण्यात अर्थ नाही. सुमारे 90 टक्के बाळांची नळी वर्षाच्या आत आपोआप मोकळी होते. न झाल्यास भूल देऊन बारीक सळईने ती उघडतात.

परंतु पाणावणारा प्रत्येक डोळा नळीमुळेच पाणावतो असे नाही. बाळ उजेडात डोळे मिटून घेत असेल, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. डोळ्याच्या कोपऱ्याशी लाल, दुखरी सूज व ताप असेल, किंवा बाहुली पांढरी चमकत असेल, तरीही त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

प्रसूतीनंतर घरी सोडण्यापूर्वी आणि सहाव्या आठवड्याच्या लसीकरणावेळी, अंधाऱ्या खोलीत उपकरणाच्या प्रकाशात दोन्ही बाहुल्यांतून सारखी लाल चमक दिसते का, हे तपासण्याची विनंती डॉक्टरांना करावी. 34 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यामागच्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत व्हायलाच हवी. बाहेरून डोळा निरोगी दिसला तरी ती टाळू नये. बीड, धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, त्यांनी निघण्यापूर्वी आशाताईंकडून ही तपासणी ठरवून घ्यावी आणि माता-बाल संरक्षण कार्डावर तिची नोंद करून कार्ड सोबत ठेवावे.