जुन्या फ्यूशियाचं बोन्साय: कुदळ मारण्याआधी

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल-डेव्हनकडे, जुन्या घरांच्या कुंपणाला फ्यूशिया हे फुलझुडूप हटकून असतं. घर विकलं गेलं, नवीन फरशी घालायची ठरली की पहिला घाव या झुडपावर पडतो. मनगटाएवढा, कागदासारखी साल सुटलेला तो बुंधा नर्सरीत मिळत नाही. त्याला वाचवायचं तर तयारी आधीच्या उन्हाळ्यात सुरू करा.

झाड फुलावर असतानाच पारखून चिठ्ठी बांधून ठेवा. मॅगेलॅनिकासारखी बारीक पानाफुलांची जात घ्या. खुडून खुडून पान लहान होतं, फूल मात्र मूळ आकाराचंच येतं. दुहेरी पाकळ्यांची टपोरी फुलं वीतभर झाडाला पेलवत नाहीत. शेंडे सुजून तांबूस, वेडेवाकडे झाले असतील तर ते झाड आणूच नका. ही गॉल माइट या अतिसूक्ष्म किडीची खूण. 2007 साली ही कीड ब्रिटनमध्ये पहिल्यांदा सापडली आणि दक्षिणेत चांगलीच पसरली.

खणायचं ते मार्च सरताना, डोळे फुगू लागल्यावर. तेव्हा झाड मेल्यासारखं दिसतं. नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं असलं की जीव आहे. करवत, धारदार कात्री, ओलं गोणपाट आणि खोल, साधी कुंडी आदल्या दिवशी काढून ठेवा. बोन्सायचं उथळ भांडं पहिल्या वर्षी नको. कंपोस्टमध्ये भरपूर ग्रिट, म्हणजे बारीक खडी, मिसळा. माती झाडताना मुळांत पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, आकड्यासारख्या वळलेल्या अळ्या शोधा. वाइन वीव्हिल या भुंग्याची अशी एक जरी अळी राहिली तरी ती नवी मुळं कुरतडते.

फांद्यांना वळण द्यायला तार लागेल, पण अगदी थोडी, आणि ती फक्त कोवळ्या फुटीला. जुनं लाकूड ठिसूळ असतं. माझी सर्वांत सुरेख फांदी मी हलकेच वाकवली आणि ती काडकन मोडली. अजून हळहळ वाटते. आकार कात्रीनेच द्या.

नवी फूट दोन-तीन पानजोड्यांची झाली की शेंडा खुडायचा. फुलं नव्या फुटीवरच येतात, म्हणून शेवटच्या खुडणीनंतर साधारण दोन महिने धरा. पुण्याची माणसं विचारतात म्हणून सांगते, तिथला एप्रिल-मे याला सोसत नाही. तिकडे जुनी बोगनवेल घ्या.

आणि हिवाळ्याची जागा आत्ताच ठरवा. जमिनीत थंडी काढणारं हे झाड कुंडीत मुळाशी गोठतं. शेडमध्ये किंवा न तापवलेल्या ग्रीनहाऊसमध्ये ठेवा, माती जेमतेम ओलसर.