फिरत्या दवाखान्यात नवीन लागताय? मधल्या २९ दिवसांचा विचार करा

एमएसडब्ल्यू (सोशल वर्कमधली मास्टर्स डिग्री) झाल्या झाल्या मी फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर लागले, आता सहा वर्षं होतील. नवीन मुलंमुली विचारतात की या कामात काय काय यायला लागतं, तर मला सुरुवातीला जे कुणी सांगितलं नव्हतं तेच लिहितेय.

गाडी महिन्यातून एक दिवस गावात असते, बाकीचे २९ दिवस माणसं आपली आपण असतात, हे डोक्यात पक्कं बसायला मला एक आजी भेटाव्या लागल्या. बीपीच्या गोळ्या आमच्याकडून न्यायच्या. आम्ही मोजून ३० द्यायचो, त्या वेळी पावसात रस्ता वाहून गेला, त्यात गाडी गॅरेजला, पोचेपर्यंत दीड महिना झाला. आजींचं बीपी भरपूर वाढलेलं, डॉक्टर म्हणाले डोस वाढवूया. मी सहज म्हटलं, आजी, पिशवी दाखवा. तर आत कागदाची पुडी, दोऱ्याने बांधलेली, आणि तिच्यात गोळ्यांचे अर्धे अर्धे तुकडे. ब्लेडने कापलेले, एकसारखे. म्हणाल्या, तुम्ही येताय का नाही कळंना, म्हणून पुरवून पुरवून खाल्ल्या. औषध बरोबरच होतं, चूक आमची होती. डोस वाढवला असता आणि पुढच्या महिन्यात त्यांनी पूर्ण गोळी घेतली असती तर चक्कर येऊन पडल्या असत्या. तेव्हापासून आम्ही १५ दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या देतो आणि "गोळ्या घेता ना?" असं कुणालाच विचारत नाही, कारण उत्तर कायम हो असतं. शेवटची कधी घेतली, किती उरल्यात, दाखवा बरं, असं विचारायचं.

लसींबद्दल एक. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची हे सगळ्यांना पाठ असतं, पण लस तापेल याची जेवढी धास्ती घेतात तेवढी ती गोठेल याची कुणी घेत नाही. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), हिपॅटायटिस बी, धनुर्वाताची लस एकदा गोठली की ती बाद, परत पातळ झाली तरी टोचायची नाही. म्हणून फ्रीझरमधला आइसपॅक थेट लसींच्या पेटीत टाकायचा नाही, बाहेर काढून ठेवायचा, त्याला घाम फुटू द्यायचा, मग कानाजवळ धरून हलवायचा, आत पाणी खळखळलं की पेटीत. पहाटे निघायच्या घाईत हीच वीस-तीस मिनिटं वाचवावीशी वाटतात. वाचवू नका.

आता सोशल वर्कचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला म्हणजे तीव्र कुपोषण, लगेच उपचार पाहिजेत, त्यातून सूज असेल किंवा पोर खात नसेल तर ॲडमिटच करायला लागतं. नर्स मोजते, मोठ्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी लिहिते, आणि खरं तर आपलं काम तिथून सुरू होतं. एका आईने चिठ्ठी घडी करून पदराला बांधली आणि मान हलवली, पुढच्या महिन्यात बघते तर चिठ्ठी घरातच. घरी दोन लहान पोरं, नवरा कामाला परगावी, जनावरं कोण बघणार, परतीचं भाडं कोण देणार. यातलं एकही मी चिठ्ठी देताना विचारलं नव्हतं. आता आधी ते विचारते, शेजारणीशी बोलते, आणि जायचा वार ठरल्याशिवाय गाडीत चढत नाही.

पेन्शन, अपंगत्वाचं सर्टिफिकेट वगैरे अर्ज भरताना दोन कागदांवरचं नाव अक्षर अन् अक्षर जुळवून बघा, एका काना-मात्रेपायी अर्ज परत येतो आणि माणसाचे दोन-तीन महिने जातात.

मधल्या दिवसांत सगळं कोण सांभाळतं, तर गावातलीच बाई. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच केलं, फारसं न शिकलेल्या, काही तर अजिबात अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं आणि पुढे जगभरातले लोक ते शिकायला तिथे आले. तुमच्या गावांमध्ये अशी बाई असेल तर तिला नुसती रांग लावायच्या कामाला जुंपू नका. कुणाची गोळी संपली, कोण बाळंतपणाला माहेरी गेली, कुणाच्या घरी मारहाण होते हे तिला माहीत असतं, पण ते ती गर्दीत बोलणार नाही. गाडीचं मागचं दार लावून, पाच मिनिटं का होईना, तिच्याशी एकटीशी बोला.

आणि जॉइन झाल्यावर पहिल्याच दिवशी मागच्या तीन महिन्यांचं रजिस्टर मागून घ्या. आधी येत होती आणि आता येत नाहीत अशी नावं वेगळ्या कागदावर काढा. गावात पोचलात की रांग लागायच्या आत त्यातल्या दोन घरी तरी चालत जाऊन या.