‘बांगलादेश बंद आहे’ म्हटल्यावर कांद्याचं काय करायचं?

डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या मार्केट यार्डात लाल कांद्याचा दर पडला की गाळ्यावर एकच वाक्य ऐकू येतं, “बांगलादेश बंद आहे.” म्हणजे तिकडे आपला कांदा जात नाहीये. मोहोळ तालुक्यात माझा तीन एकर कांदा असतो. हे वाक्य ऐकून कितीतरी वर्षं मी मुकाट्यानं विक्रीची पट्टी खिशात घालून घरी आलो. आता उलट विचारतो, “बंद कुणी केलंय?” कांदा विकायचा की ठेवायचा, हे त्या उत्तरावर ठरतं.

सोलापूरचा कांदा तर दक्षिणेत जातो, मग बांगलादेशाचा काय संबंध, असं काही जण म्हणतात. संबंध आहे. भारतीय कांद्याचं ते वर्षानुवर्षांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. नाशिकचा माल तिकडे गेला नाही की तो बेंगळुरू-हैदराबादला उतरतो, आणि तिथं आपल्या गोण्या आधीच उभ्या असतात.

बंद आपल्या सरकारनं केलं असेल तर लाल कांदा धरून बसू नका. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा माझा कांदा पात कापून शेतात पडलेला होता. उठेल चार दिवसांत, म्हणून मी थांबलो. शेवटी आदल्या आठवड्याच्या जवळजवळ निम्म्या दरानं गेला. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. ते शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं. शुल्क कागदावर निर्यातदार भरतो, पण लिलावात बोली लावताना ते आपल्याच दरातून वजा झालेलं असतं.

बंद त्यांच्या सरकारनं केलं असेल तर गोष्ट वेगळी. पाबना, फरीदपूर, राजबाडी या जिल्ह्यांत त्यांचा मुख्य कांदा मार्च-एप्रिलला निघतो. तिथल्या शेतकऱ्याला दर मिळावा म्हणून ते तेव्हा आयातीचे परवाने रोखतात. त्यात राग धरण्यासारखं काही नाही, आपणही तेच मागतो. पुढे ढाक्यात कांदा महागला की परवाने सुटायला लागतात. म्हणून साठवणीच्या कांदाचाळीत टिकणारा उन्हाळी कांदा असेल तर ढाक्याचा किरकोळ दर बघत थांबण्यात अर्थ आहे.

सगळ्यात फसवं तिसरं उत्तर : बंद कुणीच केलेलं नाही, त्यांच्याकडे डॉलर कमी आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये बांगलादेशाची परकीय गंगाजळी ४८ अब्ज डॉलरच्या आसपास होती. ती घसरत गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये नाणेनिधीकडून ४.७ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर करून घ्यावं लागलं. तिथला आयातदार कांदा मागवताना बँकेतून एलसी उघडतो, म्हणजे पैशांची हमी घेतो. बँकेकडेच डॉलरची ओढाताण असली की हमी अडकते. त्यात टाका, म्हणजे त्यांचं चलन, घसरला. २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला ८६ टाका पडायचे, २०२५ मध्ये १२२ च्या घरात. टनाला ३०० डॉलर धरा : किलोला जिथं २६ टाका लागत, तिथं ३६ हून जास्त लागतात. आपला दर एक पैसा वाढलेला नसतो, तरी तिकडची बाई एक किलोऐवजी अर्धा किलो घेते.

ही मंदी एका रात्रीत येत नाही आणि एका रात्रीत जातही नाही. अशा वेळी माल तुकड्यांनी काढा. प्रत्येक कांद्याची मान दोन बोटांत दाबून बघा. जाड, ओली मान लागली तर तो पहिल्याच गाडीत घाला; लाल कांदा तसाही महिन्याच्या वर धरवत नाही. बारीक, सुकलेल्या मानेचा मागे ठेवा, सावलीत पातळ थर करून.

आणि हिशोब लिलावाच्या दिवशी मांडू नका, जूनमध्ये रोप टाकायच्या आधी मांडा. माझ्या वहीत दर सोमवारी तीन आकडे पडतात : डॉलरला किती टाका, ढाक्यात कांदा किती, सोलापुरात आवक किती गाड्या. बंदीची खात्री मी डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, आणि शुल्काची अर्थ मंत्रालयाच्या अधिसूचनेवरून करतो, व्हॉट्सॲपवरून नाही. २०२५ च्या जूनमध्ये टाक्याचा आकडा खाली यायचं नाव घेईना, म्हणून दोन एकराचंच रोप टाकलं. तिसऱ्या एकरात तूर पेरली.